स्वतः रचलेल्या ज्यू गाण्यांना श्रोते कसे मिळतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेनं ज्यू गाणी रचणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मी हज्जन (ज्यू प्रार्थनाघरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, प्रार्थना गाऊन चालवणारा) नाही, व्यावसायिक गायकही नाही. माझी गाणी ऐकणार कोण?

ऐकणाऱ्यांच्या आधी गाणारे शोधा. ज्यू संगीताचा मोठा भाग मंचावर घडतच नाही. शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलाभोवती, सिनेगॉगच्या बाकांवर, लग्नाच्या हुप्पाखाली (मांडवाखाली), शिबिरातल्या शेकोटीपाशी लोक स्वतः गातात, आणि कालांतराने चाल कोणाची होती हेही विसरतात. म्हणून गाणं तयार झालं की आधी ठरवा: हे कोण गाणार, कधी, कुठे? 'कोणीही, कधीही' असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा ते गाणं कोणीच गात नाही. 'शनिवारी संध्याकाळी हवदालाच्या (शब्बात हा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस संपवणाऱ्या विधीच्या) वेळी, मेणबत्ती पेटलेली असताना' इतकं नेमकं उत्तर असेल तर अर्धं काम झालं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका मुद्द्यावर उभी आहेत.

२. सुरुवात कोणत्या प्रकारच्या गाण्यानं करू?

निगूननं. म्हणजे 'लाय लाय', 'याबाबाम' अशा अक्षरांवर गायची, शब्दांविना चाल. अठराव्या शतकात हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथानं हा प्रकार घरोघर नेला. साधारण दोन किंवा तीन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि दुसरा भाग पहिल्याहून वरच्या सुरांत. भाषेचा अडसर नाही, वाद्य लागत नाही, शब्दांचे हक्क कोणाचे हा प्रश्न येत नाही.

निगूननं आणखी एक गोष्ट लगेच कळते. आठ-दहा जणांसमोर चाल तीनदा म्हणा आणि चौथ्या वेळी स्वतः गप्प बसा. ते पुढे गात राहिले तर चाल टिकणारी आहे. थांबले, तर दुसरा भाग सोपा करा. दोष बहुधा तिथेच असतो.

३. चाल 'ज्यू' वाटावी म्हणून कोणते सूर घ्यावेत?

पूर्व युरोपातल्या अश्केनाझी परंपरेत 'अहावा रब्बा' नावाची स्वरपंक्ती फार चालते. यिद्दिश (या ज्यूंची भाषा) बोलणारे वादक तिला 'फ्रेगिश' म्हणतात. आपल्याकडचं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना ती चटकन ओळखता येईल: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. हे बसंत मुखारीचे स्वर झाले. 'मागेन आवोत' बरीचशी आसावरी थाटाजवळ जाते, 'अदोनाय मालाख' खमाजजवळ. साम्य स्वरांपुरतंच आहे. चलन वेगळं, ठेहरावाच्या जागा वेगळ्या.

मात्र अहावा रब्बा वापरली की गाणं आपोआप ज्यू होतं, ही समजूत सोडून द्या. येमेनी, इराकी, मोरोक्कन ज्यूंच्या कितीतरी चाली तिच्यात बसतच नाहीत. सीरियन ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये त्या आठवड्याच्या तोरा-पाठानुसार (तोरा म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं) मकाम, म्हणजे अरबी संगीतातला रागासारखा स्वरबंध, ठरतो. तिथे तुमची चाल कितीही गोड असली, तरी त्या शब्बातच्या मकामात बसत नसेल तर थांबावं लागेल.

४. सिनेगॉगमध्ये माझी चाल गायली जावी असं वाटतं. भेटायचं कोणाला?

मोठ्या सिनेगॉगमध्ये हज्जनला. रॅबाय, म्हणजे धर्मगुरू, होकार देऊ शकतात, पण रोजचं गाणं हज्जनच्या हाती असतं आणि त्याला डावलून आलेली चाल फार दिवस टिकत नाही. हज्जन नसेल तर व्यवस्था पाहणाऱ्या गब्बाईला. छोट्या मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटात, लोक आळीपाळीनं प्रार्थना चालवतात. तिथे त्या आठवड्याच्या माणसाला गाठायचं, आणि हौशी माणसाला सगळ्यात सोपी वाट तीच आहे.

आधी काही आठवडे नुसते जाऊन बसा. तिथे लोक कशावर मोठ्यानं गातात, कुठे पुटपुटतात, कुठे घड्याळ पाहतात, हे कळल्याशिवाय चाल पुढे करणं म्हणजे अंधारात बाण मारणं. मग एकच चाल न्या. अख्खा संग्रह हातात दिला की माणूस 'सावकाश ऐकतो' म्हणतो, आणि ती सावकाश वेळ कधी येत नाही.

वाद्यांचंही लक्षात ठेवा. ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुने नियम काटेकोर पाळणाऱ्या, सिनेगॉगमध्ये शब्बातला आणि सणांना वाद्यं वाजत नाहीत, ध्वनिमुद्रण होत नाही, पडद्यावर शब्द दाखवता येत नाहीत. गिटार काढल्यावर चाल कोसळत असेल तर ती तिथे नेऊ नका. शब्दांचे कागद द्यायचे असतील तर शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पोहोचवून ठेवा. रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, सिनेगॉगमध्ये हे निर्बंध सहसा नसतात. या दोघांच्या मधल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथात जागेनुसार बदलतं, विचारून घ्या.

५. प्रार्थनेतल्या कोणत्या शब्दांना नवी चाल चालते, कोणत्यांना नाही?

'लेखा दोदी' हे सर्वांत मोकळं मैदान. सोळाव्या शतकात, आजच्या इस्रायलमधल्या त्स्फात गावात, श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेलं हे गीत शुक्रवारी संध्याकाळी गातात, आणि त्याला असंख्य चाली आहेत. नऊ कडवी असल्यामुळे अनेक ठिकाणी सहाव्या कडव्याच्या सुमारास चाल बदलतात. म्हणजे एकाच गीतात दोन जागा. शेवटच्या कडव्याला सगळे उठून दाराकडे वळतात, त्यामुळे तिथे धावती चाल नको.

'अदोन ओलाम' आठ-आठ अक्षरांच्या चरणांत बांधलेलं असल्यानं जवळजवळ कोणत्याही चालीत बसतं. लोक त्यात गमतीही करतात. उपासनेच्या शेवटी येतं, मंडळी निवांत असतात, नव्या माणसाला संधी द्यायला कोणाची ना नसते. तेहिल्लिममधल्या, म्हणजे स्तोत्रांतल्या ओळी आणि शब्बातच्या टेबलावरची झमिरोत इथेही मोकळीक आहे.

हात लावू नये अशा जागा: तोरा-पाठाची स्वरचिन्हं, कोल निद्रे (योम किप्पुरच्या आदल्या संध्याकाळची प्रार्थना), आणि रोश हशाना (नववर्ष) व योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्या ज्या चालींना 'मिसिनाय', म्हणजे सिनाय पर्वतावरून आलेल्या, म्हणतात त्या. जर्मनीतल्या मेंझचे रॅबाय याकोव्ह मोलिन (मृत्यू १४२७), ज्यांना महारिल म्हणतात, त्यांनी गावच्या रूढ चाली बदलू नयेत असं बजावून ठेवलं आहे, आणि योम किप्पुरच्या बाबतीत ते आजही मानलं जातं. बाकी वर्षभर धाडस करणारा हज्जनसुद्धा या दिवशी करत नाही.

६. माझं हिब्रू कच्चं आहे. गाणं रचलं तर चालेल का?

चालेल, पण प्रसिद्ध करण्याआधी हिब्रू जाणणाऱ्याला एकदा म्हणून दाखवा. सगळ्यात जास्त चुका आघातात होतात. आजच्या हिब्रूत बहुतेक शब्दांचा जोर शेवटच्या अक्षरावर पडतो, जुन्या अश्केनाझी उच्चारात त्याच्या आधीच्या अक्षरावर. चालीची सम भलत्या अक्षरावर पडली तर कधी कधी अर्थच फिरतो: शेमा या रोजच्या मुख्य प्रार्थनेतल्या 'वेआहाव्ता'चा जोर शेवटी असेल तर ती 'तू प्रेम कर' ही आज्ञा, आधी आला तर 'तू प्रेम केलंस' हा भूतकाळ. काही समुदाय हे चालवून घेतात, काही ठिकाणी एवढ्यावरून गाणं परत येतं.

दुसरी अडचण कागदावरची. हिब्रू उजवीकडून डावीकडे, स्वरलेखन डावीकडून उजवीकडे. म्हणून सुरांखाली शब्द लिप्यंतरात लिहितात आणि मूळ हिब्रू मजकूर पानाच्या तळाशी वेगळा देतात. त्यासोबत अर्थही द्या.

७. ध्वनिमुद्रण किती चांगलं हवं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. हज्जन किंवा शिबिरात गाणी शिकवणारा कार्यकर्ता तुमचं मिश्रण ऐकत नसतो, चाल लक्षात राहते का ते पाहत असतो. शांत खोलीत फोनवर केलेलं, फक्त आवाज असलेलं संथ मुद्रण त्याला पुष्कळ होतं. त्यासोबत एका पानावर चाल, कॉर्ड आणि शब्द. चालीचा पल्ला एका सप्तकाहून थोडासाच जास्त ठेवा. त्यापुढे गेलात की बाकावरचे लोक तोंड मिटतात.

स्टुडिओचा खर्च तेव्हा करा, जेव्हा लोक गाणं मागू लागतील.

८. स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर टाकलं, पण कोणी ऐकत नाही. काय चुकतं?

बहुधा शीर्षक. 'आत्म्याची हाक' असं नाव दिलेलं गाणं कोणी शोधत नाही. 'लेखा दोदी', 'हवदाला', 'बात मित्झ्वा' (मुलगी वयात आल्याचा सोहळा) हे शब्द लोक शोधतात. कोणत्या प्रार्थनेची किंवा प्रसंगाची चाल आहे ते नावातच येऊ द्या. वर्णनात शब्द, लिप्यंतर, अर्थ आणि स्वरलेखनाचा दुवा द्या. नाव रोमन आणि हिब्रू दोन्ही लिप्यांत असू द्या, कारण इस्रायलमधला माणूस हिब्रूत शोधतो.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रसिद्ध होण्याआधीच सुचवावं लागतं, निदान ७ दिवस आधी सुचवलेलं बरं. प्रसिद्ध झाल्यावर ती वाट बंद. तरी एक सांगून ठेवतो: गाणं एका हज्जनच्या तोंडी बसलं तर ऐकणाऱ्यांच्या आकड्यांपेक्षा ते जास्त टिकतं. पैशांचं प्रश्न १६ मध्ये आहे.

९. प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी कुठे जावं?

हौशी माणसासाठी मी सगळ्यात आधी लिमूदचं नाव घेतो. ब्रिटनमध्ये १९८० साली सुरू झालेली ही स्वयंसेवकांची संमेलनं आता अनेक देशांत भरतात. तिथे कोणीही आपलं सत्र मांडू शकतो, पदवी विचारत नाहीत. 'नव्या चाली एकत्र गाऊ या' असं सत्र मांडलं तर खोलीभर माणसं मिळतात, आणि ती गाण्यासाठीच आलेली असतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रिफॉर्म शिबिरात हावा नाशिरा ही गाणी शिकवणाऱ्यांची कार्यशाळा भरते. शिबिरांच्या वाटेला कमी समजू नका. डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) यांच्या चाली शिबिरांतल्या मुलांच्या तोंडून सिनेगॉगमध्ये शिरल्या. आज हज्जन घडवणाऱ्या रिफॉर्म विद्यालयाला त्यांचंच नाव आहे. समूहगानाच्या रचना असतील तर झामिर कोरल फाउंडेशनचा उत्तर अमेरिकन ज्यू कोरल फेस्टिव्हल, चाल घोळवत गाण्याची आवड असेल तर हदार या ज्यू अभ्याससंस्थेची रायझिंग साँग इन्स्टिट्यूट. यिद्दिश गाणी आणि क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं वाद्यसंगीत, यांसाठी कॅनडात क्लेझकॅनडा, जर्मनीत यिद्दिश समर वायमार. तिथे दिवसभराच्या वर्गांपेक्षा रात्रीच्या बैठकीत ओळखी होतात, हे जाऊन आलेले सगळेच सांगतात.

१०. वर्षात कोणत्या वेळी गाणं पुढे आणावं?

ज्यू पंचांग समोर ठेवल्याशिवाय तारीख ठरवू नका. पेसाख ते शावुओत या दोन सणांमधले ४९ दिवस ओमेरच्या मोजणीचे. त्यातला मोठा काळ अनेक लोक मैफिली टाळतात आणि वाद्यसंगीत ऐकत नाहीत. ३३ व्या दिवशी, लाग बाओमेरला, बऱ्याच ठिकाणी बंधन सुटतं. तसेच तम्मुझ या ज्यू महिन्याच्या १७ पासून पुढच्या आव महिन्याच्या ९ पर्यंतचे तीन आठवडे. या काळात नुसत्या कंठसंगीताला मागणी असते. तुमच्याकडे वाद्यांविना गाणी असतील तर इतरांसाठी बंद असलेला हा काळ तुमच्यासाठी उघडा आहे. पण फार काटेकोर घरांत तेही ऐकत नाहीत.

हनुक्का या दिव्यांच्या सणासाठी दर वर्षी नव्या गाण्यांचा पूर येतो, त्यात नवखा बुडतो. तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नववर्ष, याला गाणी कमी आणि शाळांना ती हवी असतात. सणाचं गाणं निदान दोन महिने आधी लोकांच्या हाती द्या, कारण शिकवायला वेळ लागतो. आठवडाभर आधी आलेलं गाणं पुढच्या वर्षावर जातं.

११. हज्जनना मेल पाठवली, उत्तरच येत नाही.

एलुल किंवा तिश्रेई या ज्यू महिन्यांत पाठवली असेल, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. पुढच्या हेश्वान महिन्यात एकही सण नाही, तेव्हा पुन्हा पाठवा. चार ओळी आणि एकच दुवा.

१२. मी स्त्री आहे. ऑर्थोडॉक्स समुदायात माझी गाणी पोहोचतील का?

चाल पोहोचेल. आवाजाचा प्रश्न येईल. तालमूद या धर्मग्रंथातल्या एका वचनावरून (बेराखोत २४अ) पुरुषांनी परस्त्रीचं गाणं ऐकू नये असा 'कोल इशा'चा नियम निघाला. तो कुठवर लागू करायचा यावर मतं वेगवेगळी आहेत: काही रॅबाय ध्वनिमुद्रणाला सूट देतात, काही अनेकांनी मिळून गायलेल्या झमिरोतला, काही कशालाच नाही. त्यामुळे ऑर्थोडॉक्स जगात फक्त स्त्रियांसाठी मैफिली होतात, आणि तो श्रोतृवर्ग छोटा समजू नका. तो निष्ठावान असतो आणि नव्या गाण्यांचा भुकेला असतो. दुसरी वाट म्हणजे चाल तुमची, मुद्रण पुरुषाच्या आवाजात, श्रेय तुमच्या नावे. हे पटत नसेल तर तसं करू नका. रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह समुदायांत हा प्रश्नच येत नाही. रिफॉर्ममध्ये १९७५ पासून आणि कन्झर्व्हेटिव्हमध्ये १९८७ पासून स्त्रिया हज्जन आहेत.

१३. गाण्यात देवाचं नाव येतं. मुद्रणात काय म्हणायचं?

आचारनिष्ठ लोक प्रार्थनेबाहेर 'अदोनाय' उच्चारत नाहीत, 'हाशेम' म्हणतात. 'एलोहेनू'चं 'एलोकेनू' करतात. तालमीत आणि मुद्रणातही हेच. रचणाऱ्यासाठी यात एक खाच आहे: उच्चारात 'अदोनाय'ची तीन अक्षरं (अ-दो-नाय), 'हाशेम'ची दोन (हा-शेम). दोन्ही बसतील अशी चाल बांधा, म्हणजे तेच गाणं मुद्रणातही चालेल आणि उपासनेतही.

छापील कागदावर हिब्रूत पूर्ण नाव लिहिलं तर तो कागद कचऱ्यात टाकत नाहीत. तो गेनिझात, म्हणजे जुन्या पवित्र कागदांच्या कोठीत, ठेवून पुढे पुरतात. म्हणून शब्दांच्या कागदावर 'हे' हे एकच अक्षर आणि शेजारी छोटी खूण असं लिहिण्याची पद्धत आहे. शंभर प्रती वाटणार असाल तर हे आधीच पाळलेलं बरं.

१४. चाल 'पारंपरिक' आहे असं सगळे म्हणतात. तिच्यावर माझे शब्द बसवू का?

आधी शोधा. 'शालोम अलेखेम'ची सर्वत्र चालणारी चाल इझ्राएल गोल्डफार्ब यांनी १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये बांधली. ती इतकी पसरली की लोकांना ती मोशेनं सिनायवरून आणली असं वाटू लागलं, असं ते स्वतःच म्हणत. 'ओसे शालोम'ची प्रसिद्ध चाल तर नुरित हिर्श यांची, १९६९ च्या इस्रायली हसिदी गीत महोत्सवासाठी केलेली. पुष्कळ लोक ती शतकांपूर्वीची समजून गातात.

दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणं हे परंपरेत मुळीच परकं नाही. इझ्राएल नजारा यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात तुर्की आणि अरबी चालींवर पियुत (धार्मिक गीतं) रचले. पण तो काळ हक्कांच्या कायद्याआधीचा. आज संगीतकार हयात असेल किंवा मृत्यूला पुरेशी वर्षं झाली नसतील (भारतात ६०, अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायलमध्ये सर्वसाधारणपणे ७०) तर परवानगी लागते. मूळ शोधायला इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं पियुतांचं ऑनलाइन दालन आणि जुन्या हिब्रू गाण्यांसाठी झेमेरेशेत उपयोगी पडतात.

१५. शब्द तर बायबलचे. मग हक्कांचा प्रश्न कसा?

हिब्रू मूळ मोकळं आहे, अनुवाद मोकळा असेलच असं नाही. ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचा (जेपीएस) १९१७ चा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत कोणालाही वापरता येतो, १९८५ चा नाही. प्रार्थनापुस्तकांतल्या नव्या कविताही तपासा. हिब्रू कवी ब्यालिक १९३४ साली गेले, त्यांच्या कविता आता मोकळ्या आहेत. येहुदा अमिखाई २००० साली गेले, त्यांच्या नाहीत.

१६. यातून पैसे मिळतात का?

गाण्यातून थोडे, गाणं शिकवण्यातून बरे.

अमेरिकेच्या कायद्यात उपासनेदरम्यान गायलेल्या धार्मिक गाण्याला मानधन द्यावं लागत नाही. म्हणजे तुमची चाल शंभर सिनेगॉगमध्ये गेली तरी त्यातून काही येणार नाही. उपासनेचं थेट प्रक्षेपण आणि मैफिली या सवलतीत येत नाहीत, म्हणून हक्कसंस्थेत नोंदणी करून ठेवा: भारतात आयपीआरएस, इस्रायलमध्ये अकुम, ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत अॅस्कॅप किंवा बीएमआय. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसे धरलेच जात नाहीत.

खरी मिळकत कार्यशाळा, एखाद्या समुदायात शनिवार-रविवार राहून गाणी शिकवणं, आणि लग्न किंवा बात मित्झ्वासाठी मागणीवरून केलेली गाणी यांतून होते. इथेही एक बारकावा आहे. आचारनिष्ठ समुदायात फक्त शब्बातच्या कामाचे वेगळे पैसे घेत नाहीत. शुक्रवारची तयारी किंवा रविवारची कार्यशाळा जोडून एकत्र रक्कम ठरवतात. बोलणी करताना तशीच मांडा.

१७. लोक माझी चाल बदलून गातात, नावही घेत नाहीत. तक्रार करू?

कागदावर, मुद्रणावर किंवा प्रक्षेपणात नाव नसेल तर सौम्यपणे कळवा. बहुतेक जण लगेच दुरुस्त करतात. बाकावर बसलेल्यांनी दुसऱ्या ओळीचा तो अवघड निषाद गाळला असेल तर त्यांचंच ऐका, आणि पुढच्या प्रतीत तुम्हीही गाळा.

१८. मी ज्यू नाही. मी अशी गाणी रचावीत का?

क्लेझ्मर आणि यिद्दिश संगीतात ज्यू नसलेले वादक पुष्कळ आहेत. क्राकुफचा ज्यू संस्कृती महोत्सव १९८८ साली ज्यू नसलेल्या पोलिश तरुणांनीच सुरू केला. मैफिलीतल्या गाण्याला दार उघडं आहे. उपासनेसाठी चाल करायची असेल तर ओळख पहिल्याच पत्रात स्पष्ट सांगा. ख्रिस्ती धर्मप्रचारक ज्यू गाण्यांचा आधार घेतात, त्यामुळे सावधपणा असतो, आणि लपवलेलं नंतर कळलं तर दार कायमचं बंद होतं.

१९. मराठीत ज्यू गाणी लिहिली तर कोण ऐकेल?

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आणि ही नवी कल्पना नाही. १८४६ साली मुंबईत मराठी अनुवादासह हगादा (पेसाखच्या जेवणात वाचायचं पुस्तक) छापला गेला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्राएल मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचून गायला सुरुवात केली. आज समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये आहे: अश्दोद, लोद, रामला, बेएरशेवा, दिमोना. मुंबई-ठाणे आणि रायगडात थोडे आहेत.

प्रसंग म्हणाल तर मलिदा. एलियाहू हानावी (संदेष्टा एलिया) यांच्या नावानं होणाऱ्या या विधीला गाणं लागतंच, आणि तो लग्न, गृहप्रवेश, नवस फेडणं अशा कितीतरी निमित्तांनी होतो. तरुण पिढीचं मराठी पातळ झालंय, म्हणून ध्रुपद हिब्रूत आणि कडवी मराठीत ठेवा: नातवंडं ध्रुपद उचलतात, आजी कडवी म्हणते. शब्द देवनागरीत आणि हिब्रू लिपीतही छापा. कीर्तनाच्या जुन्या चाली ज्यांना येतात त्यांना आधी ऐकवा, शक्य असेल तर त्यांच्याकडूनच एखादी मागून घ्या, आणि ती मुद्रित करताना कोणाकडून मिळाली ते त्यांच्या परवानगीनं लिहा.